रोडग्यांचा उलटतपास

अमरावतीत लग्नाच्या पंगतीत नवी ओळख झाली की मी काय करते हा प्रश्न येतोच. वकील आहे म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो, त्याला लगेच आपल्या बांधाचा वाद आठवतो. मग मी सांगते की मी नुकसानभरपाईच्या दाव्यांत प्रतिवादीतर्फे उभी राहते. दुकानाची पाटी कुणाच्या डोक्यावर पडली तर मी पाटीवाल्याची वकील. मंगल कार्यालयात पाहुणा घसरून पडला तर मी कार्यालयवाल्याची. ज्याचं डोकं फुटलं त्याची मी कधीच नसते. एवढं ऐकलं की माणूस भात घ्यायला म्हणून उठतो आणि दुसऱ्या पंगतीत जाऊन बसतो. माझ्या आईलाही माझा धंदा कधी पटला नाही. हरघडी मी चुकलेल्याच्याच बाजूनं का असते, असं ती विचारते. चूक कोणाची हे अजून ठरायचं असतं, हे मी तिला चिडून सांगते, आणि ती शांतपणे लसूण सोलत राहते.

वकिली मी अकोल्यात शिकले. माझ्या सिनियरांची एक सवय होती. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते लेखी कैफियत लिहायला बसत नसत. मे महिन्यातल्या अकोल्याच्या उन्हात त्यांनी मला एका लॉजच्या गच्चीवर उभं केलं होतं, कारण वादी म्हणे तिथल्या कठड्यावरून पडला होता. एका दवाखान्याच्या लिफ्टमधून आम्ही इतक्या वेळा वरखाली केलं की तिथला माणूस आम्हाला पेशंट दाखवा म्हणून मागे लागला. दाव्यातली जागा खानावळ असेल तर सिनियर तिथे जेवतही. मला वाटायचं, ऑफिसातून सटकायचा हा बहाणा आहे. थोडासा तो होताच. पण लग्नानंतर अमरावतीला येऊन स्वतःची पाटी लावली, तेव्हा त्यांची हीच एक सवय माझ्या अंगात पक्की मुरलेली निघाली.

वलगावकडची एक मळेवाली बाई माझ्याकडे आली, ती समन्सचा कागद झेंडूच्या फुलांच्या पिशवीत घालून. फुलं आणि वांगी पिकवणारं घर. दोनेक वर्षांपासून हिवाळ्यात ती शहरातल्या लोकांना मळ्यात रोडग्यांचं जेवण द्यायची. रोडगे म्हणजे आमच्या वऱ्हाडातला जीव की प्राण. जाड्याभरड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, या विस्तवाला आम्ही जगरा म्हणतो, आणि मग ते कुस्करून तुपात भिजवून वांग्याच्या भाजीशी खायचे. अशाच एका पंगतीच्या वेळी चिंचेवरचं आग्या मोहोळ धुरानं उठलं. बाकीचे पळाले. एका निवृत्त गृहस्थांना मात्र माश्यांनी गाठलं, त्यांचं तोंड सुजलं, दवाखान्यात राहावं लागलं. त्यांनी दावा लावला होता की मळेवालीनं मोहोळाखाली जगरा पेटवून हलगर्जीपणा केला, तिनं भरपाई द्यावी आणि मळ्यातल्या पंगती कायमच्या बंद कराव्यात.

भरपाईचं तिला तेवढं वाटलं नव्हतं. पंगती बंद करा, हे वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला. जन्मभर बाजारात फुलं विकली, कुणी नाव विचारलं नाही. मळ्यात जेवून जाणारे लोक मात्र तिच्या वांग्याच्या भाजीचं नाव काढतात, असं ती म्हणाली. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "वकीलबाई, बाकी काई बी होऊ द्या. माह्या मळ्यातली पंगत बंद नाई झाली पाह्यजे."

मी सवयीप्रमाणे जागा पाहायला गेले. जगऱ्याची तिची ठरलेली जागा विहिरीजवळ होती, चिंचेपासून चांगली लांब. मग त्या दिवशी तो चिंचेखाली कसा गेला? ती म्हणाली, ती वांगी तोडायला गेली होती, परत येते तो धूर चिंचेत शिरलेला. पाहुण्यांनीच जगरा हलवला होता. पण हे पाहायला मळ्यात तिच्या घरचं दुसरं कोणी नव्हतं, आणि पाहुणे सगळे वादीचे नातेवाईक. त्यांच्यापैकी कोण कशाला आपल्याच माणसाविरुद्ध बोलणार?

मला मात्र तिचं म्हणणं ऐकल्याबरोबर पटलं, कारण मी वऱ्हाडातल्या पुरुषांमध्ये वाढले आहे. घरी ज्यानं कधी चहा गरम केला नाही, तो माणूस मळ्यात पाऊल ठेवलं की रोडग्यांतला जाणकार होतो. बाह्या सरसावतो, बायकांना बाजूला व्हायला सांगतो, आधीचा जगरा चुकीचा आहे असं जाहीर करतो आणि नव्यानं रचतो. माझे वडील हेच करायचे. माझे सासरे हेच करतात. नवऱ्याचं तर विचारूच नका. प्रश्न एवढाच होता की हे कोर्टापुढे यावं कसं.

साक्षीच्या दिवशी वादी इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. भला माणूस होता, हे सांगायला हवं. सरतपासात, म्हणजे त्यांच्याच वकिलांच्या प्रश्नांना उत्तरं देताना, त्यांनी शपथेवर सांगितलं की जगरा मळेवालीचाच होता, बाकी आपल्याला काही ठाऊक नाही. मळेवाली माझ्या मागे बाकावर बसली होती. मी उलटतपासाला उठले आणि जगऱ्याचं नावच काढलं नाही. मी विचारलं, तुम्हाला रोडगे करता येतात का.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना चालता येतं का विचारलं होतं. नातेवाईकांत त्यांच्याच हातचे रोडगे चालतात, असं त्यांनी कोर्टाला सांगितलं. मी म्हटलं, शहरात राहून हे जमतं हे मला खरं वाटत नाही. त्यांच्या वकिलांनी हरकत घेतली, प्रश्नाचा दाव्याशी संबंध काय म्हणून. न्यायाधीशही वऱ्हाडातलेच असावेत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि साक्षीदाराला बोलू द्या म्हणाले.

मग काय, वादी सुरूच झाले. गोवऱ्या कशा वाळलेल्या हव्यात, त्या रचायच्या कशा, ज्वाळ बसल्याशिवाय गोळा आत टाकायचा नाही. त्यांचे वकील त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, पण त्यांचं लक्ष होतं कुठे? आणि वारा लागता कामा नये, ते म्हणाले, वाऱ्यानं एका अंगाला जळतात आणि दुसऱ्या अंगाला कच्चे राहतात. मी साधेपणानं विचारलं, मग त्या दिवशी मळ्यात वारा होता त्याचं काय केलंत.

"इहिरीपाशी वारं लय सुटलं होतं," ते म्हणाले, "म्हणून मी जगरा चिंचीखाली आडोशाले नेला."

 टायपिस्टची बोटं थांबली. वादींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरला की मला जिंकल्याचा आनंद होता होता राहिला. न्यायाधीशांनी ते वाक्य तसंच्या तसं टाइप करायला सांगितलं. माझं काम तिथेच संपलं. यथावकाश दावा फेटाळला गेला, पंगतीवर काही बंधन आलं नाही. त्या दिवशी मी घरी जाताना जिलबी घेतली आणि निम्मी रिक्षातच खाल्ली.

त्याआधी, निकाल ऐकून बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला वाटलं, मळेवाली आता हसेल, निदान सुस्कारा तरी सोडेल. ती वादींकडे पाहत होती. ते एकटेच जिन्याशी उभे होते. ती म्हणाली, त्यांना जेवायला बोलवायचं आहे, तुम्हीही या. मला रागच आला. त्या माणसानं तुम्हाला इतक्या तारखांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या, मी म्हटलं, चूक त्यांची होती हे आता ठरलंय, तुमच्यावर काहीही जबाबदारी नाही.

"माशायची नाई जी," ती म्हणाली. "पण माह्या मळ्यातून तो मानूस उपाशी गेला. हे माह्यावरच हाय."

आयुष्यभर मी कोर्टात एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत लिहीत आले आहे, की माझ्या पक्षकारावर जबाबदारी येत नाही. ज्याचा कोणी दावाच लावला नव्हता अशी जबाबदारी आपणहून घेणारी पक्षकार मला तोवर भेटली नव्हती.  ती जिन्याशी गेली आणि वादींशी बोलू लागली. ते मान खाली घालून ऐकत होते.

त्या हिवाळ्यात आम्ही सगळे मळ्यात जमलो. तिनं जगरा विहिरीजवळच लावला होता आणि वाऱ्याच्या बाजूला टिनाचा पत्रा उभा केला होता. वादी आले, आधी चिंचेकडे पाहिलं, मग पत्रा पाहिला आणि गप्प बसले. हात मात्र सारखे बाह्यांकडे जात होते. शेवटी तिलाच राहवलं नाही. तिनं कणकेची परात उचलून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "घ्या भाऊ, त्या दिवशीचे अर्धवट राह्यले तुमचे."