रुपीबाईच्या घुगऱ्या

बाभुळगावच्या पुढे धरणाचे पाणी पसरते, तिथे काठावर रुपीबाईचा तांडा आहे. दिवाळी सरली की पाणी हळूहळू मागे हटते आणि काळाभोर गाळ उघडा पडतो. त्या गाळात तांड्यातली माणसे हरभरा पेरतात, उन्हाळ्याकडे डांगरवाडी, म्हणजे खरबुजांचे वेल, लावतात. याला गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची, वर्षाच्या बोलीवर. पावसाळा आला की धरण ती परत घेते आणि कोणी तक्रार करत नाही. करणार कोणाकडे?

रुपीबाईने या गाळावर एकुलता एक मुलगा देवसिंग वाढवला, तोही एकटीने. नवरा बाबूसिंग पांढरकवड्याहून हैदराबादच्या वाटेवर ट्रक चालवायचा. देवसिंग रांगत होता तेव्हा एका खेपेला गेला तो आलाच नाही. गाडीवरचा क्लीनर रामधन शेजारच्या तांड्यातला. तो एवढेच म्हणाला, भाऊ हैदराबादेत उतरला, पुन्हा गाडीवर चढला नाही.

तांड्याने वर्षभर वाट पाहिली. मग बायका तिच्या घुगऱ्या काढायला आल्या. बंजाऱ्यांत लग्न झालेल्या बाईच्या केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या कानशिलांवर लोंबतात, आणि नवरा गेला की त्या उतरतात. रुपीबाई दार अडवून उभी राहिली. "मेला म्हून कोनं पाह्यलं? ज्यानं पाह्यलं त्यानं पुढं यावं."

कोणी पुढे आले नाही. बायका परत गेल्या, पण त्यांच्या जिभा काही स्वस्थ बसल्या नाहीत. सोडून गेला, तिकडे दुसरी केली, असे पुष्कळ बोलून झाले. रुपीबाई घुगऱ्या राखेने घासून लखलखीत ठेवायची. हट्टी बाई! पण हट्टी होती म्हणूनच तगली.

अलीकडे काठावर पर्यटन आले. यवतमाळच्या अंकुरने तंबू ठोकले, होड्या आणल्या. शहरातली माणसे पैसे मोजून सूर्य बुडताना पाहायला येऊ लागली. तांड्याला तो रोज फुकट दिसत होता. अंकुरला चुलीपुढे भाकरी थापायला बंजारा बाई हवी होती, सगळ्या दागिन्यांसकट. तांड्यातल्या सुनांनी केव्हाच साड्या धरल्या होत्या. तशी रुपीबाईच उरली होती. डांगराला भाव नसला तरी हे काम होते, आणि देवसिंग घरावर स्लॅब टाकायची स्वप्ने पाहू लागला. अंकुरने तिचा हा मोठा फोटो थेट पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर लावला.

त्या फोटोने रामधनला ओढून आणले. आता तोही पिकला होता. भर दुपारी चुलीपाशी येऊन बसला, पण मान वर करीना.

"भोजाई, भाऊ गेला. त्याच खेपेत. ताप डोक्यात गेलता, दवाखान्यात पोचेपर्यंत आटपलं. म्याच अग्नी देल्ला."

तव्यावरची भाकरी करपली. "मंग तवा काहून नाही सांगितलं?"

"सांगालेच आलतो. तुमच्या घुगऱ्या दिसल्या, मांडीवर देवसिंग दिसला, अन् तोंडातून भलतंच निघालं. मंग खोटं परत घेता आलं नाही. आता गाडी घेऊन जातो त तुमचा फोटो वरून पाह्यते. सहन नाही होत, भोजाई."

रुपीबाईने करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. "तुले सहन नाही झालं, म्हून सांगितलं. मले त होत होतं ना रे!"

तरी तिने त्याला पाणी दिले. नवऱ्याने दुसरी केली नव्हती, तो सोडून गेला नव्हता, याचा तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला तिथेच लाज वाटली.

बातमी तांड्यात पोचली तशा बायका पुन्हा आल्या. तिने कोणाला हात लावू दिला नाही. स्वतःच केसांच्या गाठी सोडल्या आणि घुगऱ्या फडक्यात बांधल्या. कानशिलांवर त्यांचे घट्टे पडले होते.

दुसऱ्या दिवशी तिला मोकळ्या कानशिलांनी आलेली पाहून अंकुर चुळबुळला. पोरगा वाईट नव्हता. "मावशी, तुमचं दुःख समजते मले. पन पाहुण्यायले काय कळते? शनिवार-रविवार तेवढ्या घाला. नाहीतर दुसरी बाई पाहा लागन."

अंकुरच्याच कामावर असलेला देवसिंग होडी धुता धुता सगळे ऐकत होता. त्याचे गप्प राहणे तिला अंकुरच्या बोलण्यापेक्षा जास्त लागले.

"शनिवार-रविवारपुरता नवरा कुठून जित्ता करून आनू, बापू?" एवढे बोलून ती उठली आणि उतारावरून गाळाकडे निघाली.

पाणी आणखी हटले होते. वाडीत वेलांच्या मधे ती बसली. बाईने नवऱ्याचे नाव घेऊ नये, आणि तिने ते कधी घेतलेही नव्हते. आज तिने "बाबूसिंग" अशी हाक मारली, काठावरच्या तंबूंपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने, आणि मग ती रडली.