नदीला भिणारा एसेनकुल

माझे सासरे एसेनकुल नदीला भीत, हे गावात कुणापासून लपलेलं नव्हतं. नारीन नदी आमच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर. तरी हिवाळाभर ते गुरांना डोंगरावरच्या झऱ्यावर पाणी पाजायला नेत. शेजारचा जुमाश दारातून ओरडायचा, "एसेनकुल, नदी काय चावते की काय?"

"चावते. माझ्या थोरल्या भावाला चावली."

जुमाश मग दार लावून घ्यायचा. भाऊ तरणाताठा असताना बर्फाखाली गेला होता, आणि सासऱ्यांनी ते काठावरून पाहिलं होतं.

एरवी माणूस हसरा. थंडीत जन्मलेलं वासरू सरळ घरात आणून चुलीजवळ निजवायचे, त्याच्याशी तासभर बोलत बसायचे. सासूबाई, बुरुलचा, चिडवायच्या, "माझ्याशी कधी इतकं गोड बोललात का हो?" "तू कधी इतकं मुकाट्यानं ऐकलंस का?" ते म्हणायचे. मी सून म्हणून आले तेव्हापासून सायीची पहिली वाटी माझ्यापुढे सरकायची.

मला सहावा महिना होता त्या हिवाळ्यात झरा तळापर्यंत गोठला. माझा नवरा, तुरात, मेंढ्या घेऊन लांबच्या छावणीवर होता. गुरं तहानेनं हंबरत होती. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी कुऱ्हाड उचलली आणि आम्ही नदीवर गेलो. काठालगत त्यांनी बर्फाला भोक पाडलं. कुऱ्हाडीचे घाव कुठेही पडत होते.

"पोरी, माझ्या पुढे पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले.

माझ्या हातात तांबड्या गाईचं दावं होतं. बोटं बधिर झाली म्हणून मी ते मनगटाला गुंडाळलं होतं. अचानक बर्फ तडकला, जाड कापड फाडावं तसा आवाज झाला. गाय बुजली आणि मधल्या धारेकडे उधळली. मी फरफटत गेले. तेवढ्यात गाईचा मागचा भाग खाली गेला. दावं ताणलं आणि मला त्या काळ्या पाण्याकडे ओढू लागलं.

"उठू नकोस! कुशीवर राहा!"

मान वळवून पाहिलं तर सासरे पोटावर सरपटत येत होते. चेहरा मेणासारखा पिवळा. ते रडत होते, अगदी मोठ्यानं, आणि रडता रडता बोलत होते. "आलो गं. घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढं पुरे. आलो."

"बाबा, दावं सुटत नाही!"

"हलू नकोस, कापतो."

त्यांच्याखाली बर्फ वाकत होता. पाणी वर येऊन माझ्या कोपरापर्यंत पोचलं. कमरेच्या सुरीनं त्यांनी दावं कापलं. तांबडी आमच्याकडे पाहत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या बुटांना धरून ते मागे मागे सरकू लागले. आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या जुमाशनं काठावरून तंबूची लांब काठी पुढे केली, तिला धरून आम्ही बाहेर आलो. मागे वळून पाहिलं तर गाय नव्हती, नुसतं पाणी हेलकावत होतं.

भीती तिथं संपली नाही. घरी आल्यावर माझ्या पोटात काहीच हलेना. सासूबाईंनी उबदार कातड्यात गुंडाळलं, दुधाचा चहा पाजला, पोटावर हात ठेवून बसल्या. "हललं का?" त्या पुन्हा पुन्हा विचारत. सासरे दाराबाहेर उभे. ओले कपडे अंगावर ताठ झाले होते, तरी आत येईनात.

सूर्य डोंगराआड जाता जाता पोरानं लाथ मारली. सासूबाई किंचाळल्या, "हललं!" सासरे दाराबाहेर नव्हते. जुमाशला ते गोठ्यात सापडले, एका धिप्पाड गाईच्या गळ्यात पडलेले.

"अरे, आता कशाला घाबरतोस? वाचली ना दोघंही!"

"मला अजून कळलेलं नाही ते," सासरे म्हणाले.

वसंतात मुलगी झाली. त्यांनी तिला उभ्यानं कधी घेतलं नाही, पडेल म्हणून जमिनीवर बसूनच मांडीवर घेत. पुढे नातवंडं वाढली, गुरं वाढली. एका शरद ऋतूत गवत कापताना छातीत कळ आली आणि ते गेले. कबर खणायला जुमाशच सगळ्यांत पुढे होता, इतरांच्या हातात त्यानं फावडं लवकर दिलं नाही.