कुणाच्याच हद्दीत नसलेले आठ जण

ती घटना मला आजही आठवते, आणि तिच्या कागदावरची माझी सहीही आठवते. त्या पंचनाम्यात 'संशयास्पद काही आढळून आले नाही' असं एक वाक्य आहे. ते खोटं आहे, आणि ते मी लिहिलेलं आहे.

तीसेक वर्षांपूर्वी मी जालन्यात फौजदार होतो. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांसाठी शहरात देशभरातून भंगाराचे ट्रक येत. कधीकधी त्यात लष्कराचा जुना माल निघायचा. त्या महिन्यात एका ढिगात न फुटलेला तोफगोळा सापडला होता, त्यामुळे वरून सक्त आदेश होते. अशात एका भंगाराच्या आवारासमोर चहा विकणाऱ्या आमच्या खबऱ्यानं बातमी दिली. ईशान्येकडच्या डोंगरातून एक ट्रक आला होता. त्यात जुन्या विमानाचे तुकडे होते आणि त्यातलं काहीतरी पोत्यात घालून आवारातला माणूस सायकलवरून घेऊन गेला होता.

तो माणूस लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम वेगळं करण्याचं काम करायचा. वय पन्नाशीच्या पुढचं. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याच्या घराची झडती घेतली, काही मिळालं नाही. मी त्याला ठाण्यात आणून बसवलं. दोन दिवस बसवलं, आणि स्टेशन डायरीत त्याची नोंद केली नाही. हेही आज लिहितो.

पोत्यात काय होतं, या प्रश्नाला तो एकच उत्तर द्यायचा, "लोखंड न्हवतं साब." चोर खूप बोलतो, असा माझा अनुभव होता. हा बोलत नव्हता, म्हणून मला तो पक्का वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या कानाखाली मारली. त्यानं खाली पडलेली टोपी उचलली, झटकली आणि पुन्हा घातली.

धागा मिळाला तो माझ्या हवालदाराला. ते टेंभुर्णीकडचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. झडतीच्या वेळी त्यांनी चाचाच्या बायकोची कुरकुर ऐकली होती. घरात कुणी वारलं नसताना नवरा पाच मीटर पांढरा लठ्ठा घेऊन आला, एवढा खर्चा कशाला, असं ती शेजारणीला सांगत होती. हवालदारांनी चाचासमोर चहा ठेवला आणि विचारलं, "चाचा, कफन कुणाला घेतलं?"

चाचा रडायला लागला. म्हणाला, "हड्ड्या होत्या साब. पत्र्यात दबून गेल्त्या. सेठ म्हणे, फेक बाजूला. भट्टीत कसं टाकू? माणसंच होती न्हवं."

तो आम्हाला कारखान्यांच्या मागच्या कब्रस्तानात घेऊन गेला. कोपऱ्यात, भिंतीला लागून, त्यानं एकट्यानं खड्डा खोदून पुरलं होतं. वर चार दगड. धर्म कोणता होता हे माहीत नव्हतं, म्हणून कुणाला विचारलं नाही, असं तो म्हणाला. पोलीस उकरून काढतील या भीतीनं तो दोन दिवस गप्प राहिला होता. खिशातून त्यानं तंबाखूची डबी काढली. आत मनगटात घालायची काळी पडलेली साखळी होती. तिच्या पट्टीवर इंग्रजीत एक नाव आणि एक नंबर कोरलेला होता. मी तो वाचला.

परत येताना हवालदार म्हणाले, "साहेब, शून्यानं दाखल करा." घटना आपल्या हद्दीत घडलेली नसली तरी शून्य क्रमांकानं नोंद घेता येते आणि कागद योग्य ठिकाणी पाठवता येतो. हे मला चांगलं माहीत होतं. मी म्हणालो, ते आपल्या हद्दीत मेलेले नाहीत.

हवालदार म्हणाले, "माझा आजा लढाईत बर्मात गेल्ता. आला न्हाई, कागदबी आला न्हाई. आजीनं मरेस्तोवर कुंकू पुसलं न्हाई. कुठं पडला एवढं कळलं असतं, तर बसली असती रडून एकदा."

तरीही मी नोंद केली नाही. हद्दीचं कारण सांगायला सोपं होतं. खरं कारण असं, की नोंद झाली असती तर चाचाचा जबाब झाला असता, आणि त्यात बेकायदा बसवून ठेवलेले दोन दिवस आणि ती थप्पड आली असती. साखळी मुद्देमालात घेता येईना, म्हणून मी ती चाचालाच परत दिली आणि पंचनाम्यात ते वाक्य लिहिलं. पुढे मी निरीक्षक होऊन निवृत्त झालो. हवालदार वारले. त्यांच्या घरी भेटायला गेलो, पण हा विषय काढायची हिंमत झाली नाही.

गेल्या वर्षी वर्तमानपत्रात वाचलं की रस्ता रुंद करण्यासाठी त्या कब्रस्तानाची भिंत मागं घेणार आहेत. म्हणजे तोच कोपरा जाणार. दुसऱ्या दिवशी मी चाचांचं घर शोधत गेलो.

ते आता ऐंशीच्या पुढचे. कमी ऐकू येतं, पण ओळखलं लगेच. मी माफी मागितली. ते म्हणाले, "लई देर केली साब. मी गेलो असतो तर मंग कुणाची हद्द लागली असती?" आणि हसले. मला हसता आलं नाही. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, ते त्या कोपऱ्यात दुआ करायला जातात, हे त्यांच्या नातीनं सांगितलं. तंबाखूची डबी त्यांनी कपाटातून काढून दिली. साखळी घासून चकचकीत केलेली होती.

तिथून मी थेट माझ्या जुन्या ठाण्यात गेलो. टेबलामागे माझ्या मुलीपेक्षा लहान फौजदार बाई होत्या. मी जबाब द्यायला आलोय म्हटल्यावर त्यांनी मला चहा मागवला. सगळं ऐकून पेन थांबवून विचारलं, "सर, पण घटनास्थळ आपल्या हद्दीत कुठं येतं?"

"शून्यानं घ्या," मी म्हणालो. "आणि दोन दिवस बसवलं, मारलं, तेही लिहा. गाळू नका."

त्यांनी लिहिलं. कागद वर गेले, दूतावासामार्फत परदेशात गेले. भिंतीचं काम त्या कोपऱ्यापुरतं थांबलं. सात महिन्यांनी उत्तर आलं.

साखळीवरचं नाव तिकडच्या बेपत्ता सैनिकांच्या यादीत होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक बॉम्बफेकी विमान संध्याकाळी बंगालमधून उडालं होतं. रात्री बर्मातल्या एका रेल्वे स्थानकावर बॉम्ब टाकायचे आणि पहाटेपर्यंत परतायचं, असं ठरलं होतं. परतीच्या वाटेवर डोंगरावर ढग दाटले होते. बिनतारी यंत्रावर एकदा त्यांचा आवाज आला, नंतर नाही. विमानात आठ जण होते, आणि इतकी वर्षं आठांच्याही नावापुढे 'ठावठिकाणा अज्ञात' असंच होतं. कब्रस्तानात त्यातले किती आहेत, हे दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनं उकरल्यावर कळेल. ट्रक ज्या डोंगरातून आला होता तिथेही आता शोध सुरू होतोय. साखळीवाल्याची एक पुतणी हयात आहे. तिनं येण्याची तयारी दाखवली आहे आणि ज्यानं कफन घेतलं त्याला भेटायचंय, असं कळवलं आहे.

नोकरीत मी बरेच गुन्हे उघडकीस आणले. त्यांच्यावर लिहायला मला अनेकदा सांगितलं गेलं, आणि मी लिहिलंही. पण कामाला आलेला पोलीस कोण, असं कुणी विचारलं तर मी त्या हवालदारांचं आणि पाच मीटर लठ्ठ्याचं नाव घेईन. कायदा हवालदार आणि चाचा, या दोघांच्या बाजूनं होता. मी हद्दीच्या आड उभा होतो.

यादी घेऊन मी चाचांकडे गेलो. आठही नावं मोठ्यानं वाचली. त्यांनी प्रत्येक नाव स्वतः म्हणून पाहिलं, चुकलं की मला पुन्हा वाचायला लावलं. सर्वांत लहान एकोणीस वर्षांचा होता. ते नाव त्यांनी तीनदा म्हटलं. मग म्हणाले, "इतके दिवस नुसतं 'ये लोग' म्हणत होतो. आता नावानं दुआ करतो. पण याद राहणार न्हाई साब, लिहून द्या."

मी मराठीत, मोठ्या अक्षरांत आठ नावं लिहून दिली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, वरून खाली बोट फिरवलं आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला.

"खाली सही करा," ते म्हणाले.

मी सही केली.