इटलीतले एकवीस दिवस

मी इटलीत एकवीस दिवस जेवत होतो, आणि ते एकवीसही दिवस माझी माय सोनगीरला भाकरीवाचून होती. ती नवस बोलली होती. मुलगा विलायतेहून सुखरूप येऊन तिच्या हातची भाकर खाईल, तेव्हाच ती भाकरीला शिवणार. तोवर भगर, राजगिरा, उकडलेली रताळी. ज्याच्यासाठी नवस बोलायचा त्याच्या कानावर तो जाऊ द्यायचा नाही, अशी आमच्या घरची समजूत. त्यामुळे घरादाराला माहीत आणि विलायतेत शिकलेला मी तेवढा अडाणी.

विलायतेत कापडगिरणीचं शिक्षण घेण्यात जी दोन वर्षं गेली, त्यांचा दोष मी स्वतःकडे घेत नाही. खानदेशातला कापूस तिकडे जातो तर पोरगा का जाऊ नये, असं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीच, ठरवलं होतं. पण शिक्षण संपल्यावर इटलीतल्या जिनोआ बंदरात मुंबईची बोट धरायची होती, ती मी जाऊ दिली. पुढची बोट तीन आठवड्यांनी होती. घरी कळवलं, बोटीत जागा मिळाली नाही. जागा होती. मला रोम पाहायचं होतं.

रोमला मी इतिहास पाहायला गेलो, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. पण पडक्या भिंतींचं कौतुक सोनगीरच्या माणसाला किती असणार? आमच्या उशाशी किल्ला, त्यात आम्ही शेरडं चारली. दुसऱ्याच दिवशी मी भिंतींकडे पाठ केली आणि खानावळीकडे तोंड. लांब शेवयांवर किसलेलं चीज आणि भरडलेली मिरी, एवढंच असायचं ताटात, आणि मी दोनदा मागून घ्यायचो. फ्लोरेन्सला शिळा पाव आणि घेवड्याचे दाणे शिजवून केलेला दाट काला खाल्ला. शिळ्या भाकरीचा काला आमच्याकडे पाहुणा आला की झाकून ठेवतात. तिथे तोच पाहुण्याला वाढतात आणि वर तोंडभर वाखाणतात.

बोलोन्याला एका बाईंच्या घरी उतरलो होतो. त्या बाई अंडी घालून मळलेल्या कणकेची पोळी हातभर लाटण्याने इतकी मोठी लाटत की ती टेबलावरून खाली लोंबायची. शुक्रवारी म्हणाल्या, आज आमचा उपास, मटण नाही. मी मनाची तयारी केली. मग मासा आला, लोणी आलं, भाजी आली, शेवटी बदामाचा केक आला. एकादशी आणि दुप्पट खाशी हे मी आपल्याच लोकांचं शहाणपण समजत होतो. व्हेनिसला पाण्यातलं शहर पाहून थक्क व्हायचं असतं. मी रीतसर झालो आणि मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा खायला बसलो.

प्रत्येक गावाहून घरी पत्र टाकत होतो. पत्रात घुमट एका ओळीत उरकायचे आणि जेवण पानभर. बोलोन्याच्या पत्रात तर मी लिहिलं, ‘इथला उपास म्हणजे निव्वळ चैन. असा उपास असेल तर मी जन्मभर करीन.’ माझा थोरला भाऊ ही पत्रं ओसरीवर मोठ्याने वाचायचा. त्या ओळीला सगळे खो खो हसले म्हणे.

मुंबईला उतरलो तर सरळ घरी जावं की नाही? जळगावला मेहरूणमध्ये मामांकडे राहून मी शिकलो होतो. मामांनी सत्कार ठेवला होता, तिथे दोन दिवस गेले. मग धुळ्याच्या मित्रांनी ‘इटलीतील ऐतिहासिक शहरे’ यावर व्याख्यान ठरवलं. मी कॉलर ताठ करून बोललो. शंकासमाधानात पहिला प्रश्न आला, तिथे तिखट मिळतं का? दुसऱ्या दिवशी यजमानांनी जिलेबीचं जेवण घातलं आणि दुपारी मी एकदाचा सोनगीरच्या मोटारीत बसलो.

घरी माय दारातच उभी होती. वाळली होती. मला वाटलं, वय झालं. चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी तयार होत्या, वांग्याचं भरीत होतं. मी पाटावर बसलोसुद्धा नाही. म्हटलं, “माय, आत्ता एक घासही नको. पोट तुडुंब भरलंय. संध्याकाळी बघू.”

वहिनी काही सांगायला पुढे झाली, तिला मायने हातानेच थांबवलं. “थकी गया व्हई तो,” ती म्हणाली. “झोपू द्या त्याले.” आणि मी खरोखर झोपलो. उठलो तो गाववाल्यांना रोम सांगायला चावडीवर गेलो.

दिवेलागणीला परतलो तेव्हा वहिनीने मला अंगणातच अडवलं. नवस गेला चुलीत, असा तिचा चेहरा होता. “भाऊजी, दोन घास तरी खाई ल्या. मायनी दोन वरीसपासून भाकर तोंडमा घाली नही. तुम्हनाच करता.”

मी तसाच आत जाऊन बसलो. मायने वाढलं. दुपारचीच भाकर, वातड झालेली. मी खाल्ल्यावर तिने आपल्यासाठी अर्धी भाकर मोडून घेतली आणि सावकाश चावू लागली. मला लाज वाटली, आणि लाजेपोटी मी तिच्यावरच चिडलो. “मला कळवायचं होतंस. मी तिथे मजेत खात होतो, वर ते लिहीत होतो. ऐकताना तुला काय वाटलं असेल?”

ती हसली. “वाईट कशानं रे? तुना भाऊ वाची दाखाडे आनि मी भगर खाऊ. तोंडी लावाले तुन्हीच चिठ्ठी व्हती.”

ती पत्रं मी आबांना खूश करायला लिहिली होती, ओसरीवर ऐकायला जमणाऱ्या मित्रांवर छाप पाडायला लिहिली होती. तिच्यासाठी म्हणून त्यांत एक ओळ नव्हती.