बांडगुळातलं घरटं

कोरेगावच्या शेतातला आमचा आंबा बांडगुळानं निम्मा वाळवला होता. वडील फौजेतून निवृत्त झालेले. एकदा शत्रू ठरला की त्याची गय नाही. त्या रविवारी बांबूला कोयता बांधून ते बांडगूळ उतरवायला निघाले. मी आदल्या दिवशीच कुपवाडहून आले होते. पाखरं बघायचा मला नाद, म्हणून दुर्बीण गळ्यात घेऊन मागोमाग गेले.

दोन झुपके खाली आले. तिसऱ्यावर त्यांनी कोयता अडकवला आणि त्याच झुपक्यात मला घरटं दिसलं. कोळिष्टकं नि कापसाचं, पेरूएवढं, आणि दारात दोन उघड्या चोची. थांबा म्हणून मी त्यांचा हात धरला.

"कसलं पाखरू हाय?" त्यांनी विचारलं. "बांडगूळ पेरतंय त्येच न्हवं?"

तेवढ्यात पिल्लांची आई आली. अंगठ्याएवढी, मातकट. पुस्तकात हिचे भाऊबंद लालभडक पाठीचे, शेंदरी छातीचे; आमच्याकडची मात्र अगदीच फिकी. पण चोच आखूड, गुलाबीसर. हिच्यासारख्याच दिसणाऱ्या शिंजिराच्या मादीची चोच लांब, सुईसारखी वाकडी असते. शंकेला जागाच नव्हती, हा फुलटोच्या. बांडगुळाची फळं खाऊन चिकट बी फांदीवर पुसणारा.

"न्हाई आण्णा, शिंजीर हाय. मादी. फुलातला मध खाती," मी म्हणाले.

त्यांनी एका हातानं बांबू तसाच धरून दुसऱ्या हातानं दुर्बीण मागून घेतली. मी नुसती कोयत्याकडे बघत राहिले. जरा हिसका बसला असता तरी घरटं खाली आलं असतं. पाखरानं पिल्लाच्या तोंडात बांडगुळाचं फळ कोंबलं, मग फांदीवर आडवं सरकून बूड घासलं. चिकट तार लोंबली, टोकाला बी. हे मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. त्यांना तर दुर्बिणीतून दिसत होतं.

वडिलांनी कोयता हळूच सोडवला, बांबू बुंध्याला टेकवला.

"पिल्लं उडूस्तवर थांबा म्हणली असतीस, तर थांबलो नसतो व्हय मी?"

मला लाज वाटली. मान वर होईना.

"किती दिस लागतील?"

"पंधरा."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"खरं?" त्यांनी विचारलं. माझ्या शब्दावर त्यांनी हे आजवर कधी विचारलं नव्हतं.