पाव्हणा चार फुटं जास्त

ठिबक जोडणारा हा कळंबचा माणूस शेतात आला की टेप काढायच्या आधी सातबारा मागतो. न मोजलेल्या बाजूला तो पाव्हणा म्हणतो. शाळेत तिला क्ष म्हणायचे, पण क्ष कुणाच्या घरी जेवायला येत नाही, असं त्याचं म्हणणं. कागद वापरत नाही. खिळ्यानं काळ्या पाइपवरच गणित कोरतो.

माझ्या चौकोनी पट्टीची त्यानं फक्त रुंदी मोजली.

"बावीस गुंठं म्हंजी तेवीस हजार नऊशे अठ्ठावन्न चौरस फूट. एकशे एकवीस गुणिलं पाव्हणा तेवढंच यायला पायजे." त्यानं भागाकार कोरला. "पाव्हणा एकशे अठ्ठ्याण्णव."

मग खात्रीसाठी लांबीला टेप लावली. दोनशे दोन भरले.

बांधापलीकडं माझा चुलतभाऊ घास कापत होता. नांगरताना दरवर्षी मी तो बांध थोडा थोडा कोरत आलो होतो.

"टेप ढिली असंल," मी म्हणालो.

"टेप बराबर हाय, आबा. गणित बी बराबर हाय. पाव्हणा चार फुटं जास्त घिऊन आलाय." हे तो हळू बोलला आणि बांधाकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. "पाइप एकशे अठ्ठ्याण्णवच्याच आणा."

मी तेवढ्याच आणल्या. शेवटच्या चार फुटांतला ऊस वाळला, तेव्हा बांध पुन्हा जुन्या जागी घातला.

परवा तो बाजारात भेटला. म्हणाला, "गेला का पाव्हणा?"