सहावा डबा

आमच्या तांगकांग बंदरात राजेदेवाचा नवस फेडायचा तर वाटा दोन. ऐपत असली तर बाहुल्यांचा खेळ ठेवायचा, नाहीतर छिंग-होला बोलावून देवळासमोर सिनेमा लावायचा. देव बघतो आणि देवाच्या मागे बसून गाव बघतं. पहिली रांग देवांची, ती रिकामी सोडायची. तिथे कुणी बूड टेकलं तर म्हातारे पाठीत धपाटा घालतात. आणि रिळाचा डबा एकदा मशीनवर चढला की देवासमोर तो अर्धवट थांबवायचा नाही. पाऊस येवो, वारा येवो, पडदा उडून समुद्रात जावो.

हा छिंग-हो तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर होता. पण त्याला बोट लागायची, आतडी बाहेर येईपर्यंत ओकायचा. शेवटी त्याचा सोबती लिमच म्हणाला, "बाबा रे, तू कोरड्या जमिनीवरचं काहीतरी बघ." मग त्याने बंद पडलेल्या थिएटरचं मशीन उचललं आणि एक टेम्पो घेतला. लिम पुढे बोटीसकट बुडाला. मागे राहिली बायको आ-लुआन आणि अंगावर पिणारं पोर, बुन-पिन. आ-लुआन रडत बसणाऱ्यातली नव्हे. तिने देवळासमोर शेगडी मांडली आणि माकूळ मासळी भाजून विकायला लागली. जिथे छिंग-होचा पडदा, तिथे हिची शेगडी. वीसेक वर्षं दोघांनी तेच ते सिनेमे पाहिले, तो मशीनमागून आणि ती धुरातून, पण दोघांचं मत म्हणून कधी जुळलं नाही.

भांडण एकाच गोष्टीवरून, गुंडांचे सिनेमे. छिंग-हो म्हणायचा, "वहिनी, खरं दाखवतात हो. राजवाडे आणि उडणाऱ्या तलवारी बघून कुणाचं भलं झालंय?" ती म्हणायची, "खरं बघायला मला पडदा कशाला? मासळीबाजारात या, फुकट दाखवते." त्यावर तो म्हणायचा, तुम्हाला सिनेमातलं काही कळत नाही. ती म्हणायची, तुम्हाला पोर नाही. मग दोघं दोन दिवस गप्प.

पुढे बुन-पिन गुईदादाच्या टोळीत गेला, कुणावर तरी सुरा चालवला आणि तुरुंगात पडला. तेव्हापासून या भांडणातली गंमत संपली. आता तो सुटून आला होता, मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये बर्फाच्या लाद्या ओढत होता. आई सकाळी डबा द्यायची आणि संध्याकाळी तो परत येईपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा.

तेवढ्यात गुईदादाला कुणीतरी पोटात भोसकलं. तो वाचला. राजेदेवाला बोलला होता म्हणून नवसाचा सिनेमा त्याने ठेवला, आणि तोही स्वतः निवडून. एक गोदी-हमाल गुंड होतो, वैऱ्यांना एकेक करून संपवतो, असा तो जुना सिनेमा. वर बुन-पिनला नवा कोट पाठवून निरोप दिला: माझ्या शेजारी बसायचं, आणि सिनेमा संपला की माझ्या गाडीतून काओश्युंग शहरात यायचं. जायचं कशाला, हे सांगायची गरज नव्हती. ज्याने भोसकलं तो काओश्युंगचा होता.

दिवस कलायच्या आत आ-लुआन टेम्पोपाशी आली. छिंग-हो पडद्याच्या दोऱ्या ताणत होता.

"भावजी, आज तो सिनेमा लावू नका."

"देवाला कबूल केलेला आहे, वहिनी. माझ्या हातात काय आहे?"

"त्याने कोट घातलाय. आरशासमोर उभा होता. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. हे असलं दोन तास बघितलं की उठेल आणि जाईल. ओळखते मी त्याला."

छिंग-होला राग आला. पोराचं वाटोळं केल्याचं खापर ही बाई वर्षानुवर्षं त्याच्या मशीनवर फोडत होती. "अहो, जरा शेवट तरी बघा ना त्याचा. लिलावाच्या शेडमध्ये बर्फावर मरून पडतो तो. कुत्रंसुद्धा फिरकत नाही. हे बघून कुणी गुंड होईल का?"

"कोण मरतो?"

"हिरो."

आ-लुआन फणकारली. "कुठला हिरो? पांढरा कोट घालून गाडीत बसतो, सिगारेट पेटवतो आणि हसतो. मग दिवे लागतात. शंभरदा पाहिलाय मी. कुणी मरत बिरत नाही."

छिंग-होच्या हातातली दोरी तशीच राहिली.

नवसाचा दिवस शुभ. शुभ दिवशी देवासमोर शेवटी मढं नको, असं ज्याचा नवस तोच सांगायचा. म्हणून छिंग-हो असल्या सिनेमांचे पाचच डबे लावायचा. सहावा टेम्पोतच राहायचा. त्याने स्वतः शेवट पाहिला होता, म्हणून त्याला वाटायचं गावानेही पाहिला. माणूस इतका मूर्ख कसा असतो, असं तुम्ही म्हणाल. असतो. रोजच्या सवयीत डोळे असून आंधळा असतो.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही शेगडी इथे मशीनजवळ मांडा आज."

अंधार पडला आणि सिनेमा सुरू झाला. दुसऱ्या रांगेत मधोमध गुईदादा, पोटाला पट्टा बांधलेला, शेजारी बुन-पिन. एकेक डबा उलगडत गेला. गुईदादाची माणसं संवाद आधीच म्हणत होती. पाचव्या डब्याच्या शेवटी हिरो गाडीत बसला आणि हसला. टाळ्या पडल्या. गुईदादाने बुन-पिनच्या खांद्यावर हात टाकला आणि तो उठला.

दिवे लागले नाहीत. मशीनपाशी अंधारात छिंग-हो सहावा डबा चढवत होता. फिल्मची पट्टी खाचेत बसेना, म्हणून त्याने ती काढून पुन्हा घातली.

"छिंग-हो, झोपलास काय? दिवे लाव," गुईदादा म्हणाला.

उत्तरादाखल पडदा उजळला. पांढऱ्या कोटातला हिरो गाडीतून उतरला आणि गल्लीत त्याची वाट बघणारे पुढे आले.

गुईदादाने मान हलवली. त्याचा एक माणूस तरातरा मागे आला आणि वायरीला हात घालायला वाकला. मध्ये आ-लुआन उभी राहिली. तिच्या हातात तापलेला चिमटा होता.

"हात लावायचा नाही. डबा चढलाय," ती मोठ्याने म्हणाली, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं. "राजेदेव अजून बसलेत. तुझा दादा उठला म्हणून देवाने उठायचं का?"

तो माणूस दादाकडे बघू लागला. दादा बघत होता रिकाम्या पहिल्या रांगेकडे, मग मान वळवून मागच्या उघड्या गाभाऱ्याकडे. पोटातली जखम अजून ओली होती आणि ती कुणामुळे भरत होती, हे त्यानेच गावभर सांगितलं होतं. तो खाली बसला. बसताना त्याने पोट धरलं.

पडद्यावर हिरो लिलावाच्या शेडमध्ये बर्फावर पडला होता. बुन-पिन रोज ओढायचा तसल्याच लाद्या. हिरोचे साथीदार दारापर्यंत आले, बघून पाठ फिरवून गेले. सकाळी मासळीवाल्या आल्या आणि हाताने नाक झाकून कडेने गेल्या. शेवटी त्याची आई आली. तोंड ओळखू येत नव्हतं, म्हणून तिने त्याचा मोजा काढून बघितला. टाचेला तिनेच घातलेलं ठिगळ होतं. तिने मोजा परत पायात चढवला. पट्टी संपली आणि पडदा नुसता पांढरा राहिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गुईदादा गाडीकडे गेला. बुन-पिन मात्र मशीनपाशी आला. आईकडे त्याने पाहिलं नाही.

"काका, हे आधीपासून होतं यात?"

"होतं."

"आम्ही पाच जण त्या देवळाच्या भिंतीवर बसून बघायचो. सगळा पाठ होता आम्हाला. मोठं झालो की असाच पांढरा कोट शिवायचा म्हणायचो. दोघं मेले त्यातले. शाओचं तर मढं न्यायलाही कुणी गेलं नाही. मग आम्हाला का नाही दाखवलात?"

छिंग-होच्या जिभेवर आलं होतं, शुभ दिवस, देव, नवसवाल्याची मर्जी, पण त्यातलं एकही त्या पोराला सांगण्यासारखं नव्हतं.

गाडीचा हॉर्न वाजला. थांबून पुन्हा वाजला. बुन-पिन गाडीकडे चालू लागला. खिडकीपाशी पोहोचल्यावर त्याने कोट काढला, घडी घातली आणि आत दिला. काय बोलणं झालं ते इकडे ऐकू आलं नाही. दार उघडलं, एक माणूस उतरला आणि बुन-पिनच्या तोंडावर त्याने दोन ठेवून दिल्या. बुन-पिनने हात उचलला नाही. गाडी गेली.

तो परत आला तो फुटलेल्या ओठानेच, आणि बाकं एकावर एक रचायला लागला. आ-लुआनने शेगडीवरचं शेवटचं माकूळ त्याच्या हातात कोंबलं. मग ती छिंग-होकडे वळली. डोळे भरले होते तरी आवाज नेहमीचा, धारदार.

"तरी सांगते भावजी, सिनेमा घाणेरडाच."

वीस वर्षांत पहिल्यांदाच छिंग-होने तिला उलट उत्तर दिलं नाही. तो देवळाच्या भिंतीकडे बघत होता. पाच पोरं बसतील एवढीच ती भिंत होती.